पोरं झोपल्यावरची पंधरा मिनिटं आणि हातातला कन्सोल

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, तुला दोन पोरं, रोजचं फोंडा-पणजी-फोंडा, घरी सासूबाई, आणि तरी तू गेम खेळतेस, कधी गं? म्हटलं रात्री साडेदहाला धाकटा झोपला की, नाहीतर कदंबाच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली तर, आणि शनिवारी थोरलीचा कांपालला डान्सचा क्लास असतो तेव्हा बाहेर पायरीवर बसून. हिशेब केला तर आठवड्याला चार तासही भरत नाहीत. पण त्या चार तासांवर मी दोन वर्षांत सात मोठे गेम संपवले, जे लग्नाआधी अख्खा रविवार मोकळा असताना पण जमलं नव्हतं. त्याच्या घरी जुळी आहेत, आठ महिन्यांची, त्याला पण आता कन्सोल, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचाय, तर जेवणाच्या सुट्टीत त्याला जे तोंडी सांगितलं तेच लिहून काढते, जरा पसरट होईल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे लगेच विकत घेऊ नका. एक आठवडा नुसतं बघा की तुमचा वेळ कुठे कुठे सांडतो. कागदावर लिहा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की रील्स बघत बसाल आणि तोच वेळ गेला. प्रत्येक मोकळ्या फटीपुढे एवढंच लिहायचं, किती मिनिटं होती, दोन्ही हात मोकळे होते का, आवाज चालला असता का, नेट होतं का, आणि मधेच कोणी हाक मारणार होतं का. माझ्या कागदावर असं होतं: सकाळची बस ४० मिनिटं, उभं राहावं लागलं तर शून्य. क्लासच्या बाहेर ५० मिनिटं, नेट बरं. रविवारी माहेरी चोडणला जाताना रायबंदरला फेरीबोटीची रांग, २० मिनिटं, गाडी नवरा चालवतो म्हणून हात मोकळे. रात्री ३० मिनिटं, पण हाक येणार, हमखास येणार. कागद बघून कळलं की मला एक तास सलग कधीच मिळत नाही आणि कुठलीच फट माझ्या हातात नाही, ती कधीही बंद होऊ शकते.

म्हणून आईबापांसाठी कन्सोलचं सगळ्यात मोठं फीचर म्हणजे त्याचं झोपायचं बटण. ग्राफिक्स वगैरे नंतर. टीव्हीवरच्या कन्सोलचं काय होतं, आधी टीव्ही रिकामा पाहिजे, आमच्याकडे साडेसात ते दहा सासूबाईंच्या मालिका, मग तो चालू करा, मग अपडेट आलं म्हणतो, मग लोडिंग, आणि गेम सुरू झाला की आतून आवाज, आई शू आली. हातातल्याचं तसं नाही. वरचं बटण दाबलं की स्क्रीन काळी, गेम जसा होता तसा मेमरीत धरून ठेवतो आणि बाकी सगळं निजवतो, म्हणून बॅटरी पण अगदी थोडी खातो. परत उचलला, बटण दाबलं, निन्टेंडो या जपानी कंपनीच्या स्विच कन्सोलवर मग कुठलंही एकच बटण तीनदा दाबायचं, टक टक टक, आणि तुम्ही तिथेच. एकदा मी झेल्डा नावाच्या गेममध्ये कड्यावरून उडी मारली आणि त्याच क्षणी धाकटा पलंगावरून गडगडला. मी बटण दाबून पळाले. त्यानंतर त्याला ताप, मग चवथीची साफसफाई, आणि हातात घ्यायला शुक्रवार उजाडला. उडी बुधवारी मारलेली, गेममधला हिरो जमिनीवर पडला शुक्रवारी.

पण झोपवणं म्हणजे सेव्ह करणं नव्हे हे लक्षात ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली की मेमरीतलं सगळं गेलं. म्हणून रात्री ठेवताना शक्य असेल तर सेव्ह करून मग झोपवा आणि चार्जिंगला लावा, आधी स्वतः आडवं होऊ नका, आडवं झालात की राहिलंच.

ही काय नवीन आयडिया पण नाही. निन्टेंडोचे डिझायनर गुनपेई योकोई, त्यांची गोष्ट सांगतात की जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी बघितला, त्यातून १९८० साली गेम अँड वॉच हे खिशातलं गेमचं यंत्र आलं आणि १९८९ ला गेम बॉय, चार पेन्सिल सेलवर चालणारा. म्हणजे हे यंत्र मुळातच प्रवासातल्या फटीसाठी सुचलंय, आपल्याकडे ते बुलेट ट्रेनऐवजी कदंबात एवढाच फरक.

आता कुठलं घ्यायचं. कागद समोर ठेवा.

फटी बसमधल्या, रांगेतल्या असतील आणि तुम्ही एकटेच खेळणार असाल तर स्विच लाईट. २०१९ चा आहे, जुना झाला, पण साडेपाच इंची आणि २७५ ग्रॅम, ऑफिसच्या पर्समध्ये टिफिनच्या बाजूला बसतो. टीव्हीला मात्र लागत नाही. पोरांबरोबर टीव्हीवर पण खेळायचं असेल तर स्विच ओलेड, २०२१ चा, सात इंची, डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये, ठेवला की टीव्हीवर, उचलला की हातात, आणि बाजूचे दोन कंट्रोलर सुटे होतात म्हणून दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागत नाही. माझ्याकडे हाच आहे. स्विच टू जून २०२५ मध्ये आला, ७.९ इंची स्क्रीन, जुने बहुतेक गेम चालतात, पण बॅटरी कंपनीच्याच आकड्याने २ ते साडेसहा तास, आणि गेम ठेवायला जागा वाढवायची तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस नावाचं वेगळं कार्ड लागतं, घरात पडलेलं जुनं कार्ड चालेल असं समजून बसू नका.

पीसीवर आधीच स्टीम या ऑनलाईन दुकानातून गेम घेऊन ठेवलेत आणि लग्नानंतर एकही उघडला नाही असे खूप लोक आहेत, आमच्याच घरी एक आहे, नाव सांगत नाही पण तो रविवारी गाडी चालवतो. त्यांना स्टीम डेक, हातात धरायचा छोटा पीसीच तो. जुने विकत घेतलेले बहुतेक गेम तसेच चालतात म्हणजे पहिल्या वर्षी गेमवर खर्च जवळपास नाही, आणि झोपायचं बटण इथे पण मस्त चालतं. ओलेडवाला ६४० ग्रॅमचा आहे, आडवं पडून खेळताना नाकावर पडला तर अर्ध्या किलोपेक्षा जास्त बांगडे अंगावर आल्यासारखं होतं, हे त्या गाडी चालवणाऱ्याला विचारा. आसूसचा आरओजी अ‍ॅलाय तसाच, तो इथे २०२३ मध्ये दुकानात रीतसर आला, तेव्हा ६९,९९० रुपये होता, ताकद भरपूर, पण आत विंडोज आहे, आणि विंडोज झोपवलं की ते लॅपटॉपसारखंच वागतं, कधी नीट झोपतं, कधी बॅगेत जागं राहून गरम होतं. पोरांच्या घरात मला ते नको.

प्लेस्टेशन पोर्टल स्वस्त वाटतो, भारतात १८,९९० ला आला, पण तो एकट्याने चालणारा कन्सोल नाही, घरात पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हा टीव्हीवरचा कन्सोल, असेल तर त्याचा खेळ वायफायवरून हातात आणून देतो. टीव्ही मालिकांनी अडवलेला आहे आणि पीएस५ धूळ खातोय अशा घरात तो सोन्यासारखा. मात्र जूनमध्ये वारा सुटला आणि लाईट गेली की वायफाय गेलं आणि पोर्टल पण गेला. इन्व्हर्टर नसेल तर विचार करा.

आणि एवढा खर्च करायच्या आधी ट्राय करायचं असेल तर आहे त्या फोनला दोन्ही बाजूंनी लागणारा कंट्रोलर घ्या आणि महिनाभर बघा. त्यात एकच वाईट, मधे व्हॉट्सअ‍ॅप येतं. शाळेच्या ग्रुपवर उद्या चार्ट पेपर आणा असं रात्री पावणेअकराला कोणीतरी टाकतंच.

विकत घेताना गोव्यातली, खरं तर भारतातलीच अडचण अशी की निन्टेंडो आणि स्टीम डेकवाली, दोन्ही कंपन्या इथे अधिकृत विकत नाहीत, जे मिळतं ते इम्पोर्टवाल्याकडून. म्हणजे वॉरंटी कंपनीची नसते, दुकानदाराच्या शब्दाची असते. माझ्या पहिल्या सेकंड हँड सेटला विकणाऱ्याने एक वर्ष बघून घेतो म्हटलं होतं, तिसऱ्या महिन्यात अंगठ्याने फिरवायचा डावा स्टिक आपोआप एका बाजूला सरकायला लागला आणि तोवर त्याचा फोनच लागेना. म्हणून वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. सेकंड हँड घेताना सेटिंगमध्ये जाऊन स्टिक तपासा, स्क्रीनवरचा ठिपका हात न लावता हलला तर पुढे चला. मागचं कव्हर फुगल्यासारखं वाटलं तर बॅटरी फुगलीय, फुकट दिला तरी घेऊ नका. मुंबई-पुण्याहून कोणी येणार असेल तर तिथे चॉईस जास्त मिळतो, पण आणणाऱ्याला सांगा की हातातल्या बॅगेत आण, लगेजमध्ये टाकू नको, पॉवर बँक तर विमानात लगेजमध्ये चालतच नाही.

स्विचचे गेम कार्ट्रिजवर, म्हणजे छोट्या कार्डावर, घ्या हा माझा हट्ट आहे. स्विचचं कार्ट्रिज जगात जवळपास कुठूनही आणलेलं असलं तरी चालतं, संपलं की विकता येतं, आणि वेळ कमी असला की एक विकून एक घेणं बरं पडतं, नाहीतर सेल बघून बारा गेम घेतले जातात आणि बारा पण पडून राहतात. स्विच टूची काही कार्ट्रिजं नुसती किल्ली असतात, गेम डाऊनलोडच करावा लागतो, डबीवर लिहिलेलं असतं ते वाचा. बाळ तोंडात घालेल म्हणून घाबरायचं तर ती इतकीशी आहेत की लक्ष ठेवायलाच हवं, पण कंपनीने त्यांना मुद्दाम कडू लेप लावलाय, डेनाटोनियम बेंझोएट म्हणून. मी जीभ लावून बघितली. कारल्याचा रस परवडला, अर्धा तास चव गेली नाही.

स्टीमवर घेणार असाल तर एक सोय फार कामाची, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आपल्यासारख्यांची गंमत अशी की १४ दिवस बघता बघता निघून जातात, म्हणून घेतल्याच्या आठवड्यातच ठरवून टाका, ठेवायचा का नाही.

आता गेम कुठले, कारण खरी चूक इथे होते. ऑनलाईन मॅचवाले सोडा, तिथे पॉज नाही, पोर रडलं तर चार अनोळखी लोक तुमच्या नावाने बोंब मारतात. एल्डन रिंगसारखे पण नको, ऑनलाईन नसताना पण त्यात साधा पॉज नाही, स्लीपच करायचं. ज्यात पाच-दहा मिनिटांत काहीतरी एक पूर्ण होतं असे घ्या. बलाट्रो, फेब्रुवारी २०२४ चा, एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, डाव टाका, झोपवा, परत डाव टाका, बसमध्ये याच्यासारखं काही नाही. स्ले द स्पायर, त्यातले शत्रू तुमची वाट बघत थांबतात, तुम्ही भात उतरवून आलात तरी चालतं. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड मोठा म्हणून लोक घाबरतात, पण त्यात १२० देवळं आहेत, एकेक देऊळ म्हणजे एक कोडं, एका रात्रीला एक देऊळ असा मी नेम धरला होता, नवरात्रात सुद्धा मोडला नाही. स्टारड्यू व्हॅलीमध्ये शेतातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, आणि सेव्ह होतं ते फक्त दिवस संपून झोपल्यावर, ऐकायला सोयीचं आहे पण त्यात धोका असा की आणखी एकच दिवस, एकच दिवस करत साडेबारा वाजतात आणि सहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो तेव्हा डोळे उघडत नाहीत. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी, २०२० मध्ये आधी स्विचवर आला, पाच-सहा तासांत संपतो, भावाला शोधत जाणारी बहीण आहे त्यात, माझी थोरली शेजारी बसून पूर्ण बघत होती आणि धाकट्याला म्हणत होती, मी नाही हं तुला असं शोधायला येणार.

मोठी गोष्ट असलेले गेम सोडू नका, फक्त नोंद ठेवा. मी फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक वेळी एक ओळ टाकते: पुलाखालच्या म्हाताऱ्याला भेटायचं, मशाल घेऊन. दहा दिवसांनी उघडलं तरी आपण इथे काय करत होतो असं होत नाही. याने माझे निम्मे गेम अर्धवट सुटण्यापासून वाचले, अगदी खरं.

घरातल्या गोष्टी. रात्री पोर शेजारी झोपलेलं असताना ब्राइटनेस एकदम खाली, आणि हेडफोन एकाच कानात, दुसरा कान पोरासाठी. वायरवाला चालतो, ब्लूटूथ पण चालतं, स्विचला ते २०२१ च्या अपडेटने आलं. आणि कोणी सांगत नाही ते सांगते, आवाज बंद केला तरी बटणांचा टकटक आवाज येतो, खांद्यावरच्या बटणांचा जास्त. आमचा धाकटा मिक्सर चालू असताना झोपतो पण त्या टकटकीने उठतो. म्हणून मारामारीचे गेम बसमध्ये, पत्त्यांचे पलंगावर.

नवऱ्याशी किंवा बायकोशी आधी बोलून घ्या. आमचं ठरलंय, सोम-बुध-शुक्र रात्री हाक आली की तो उठतो, बाकी दिवस मी. नाहीतर दोघंही आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून, आणि कोण उठणार यावरून अंधारात कुजबुजत भांडण. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, परत घेतलास तो डबा हातात? मग एकदा लाईट गेलेली असताना त्यांना टेट्रिस लावून दिला. आता त्या विचारतात, चार्ज आहे का गं त्यात.

पोरांना दिसणारच, तेव्हा लपवू नका. पण प्रोफाईल पहिल्याच दिवशी वेगळं करा. मी नाही केलं. धाकट्याने माझ्या प्रोफाईलवर जाऊन न्यू गेम दाबलं, पुढे येईल त्याला हो हो म्हणत गेला आणि माझे ४० तास पुसून धावत आला, आई बघ, मी सुरू केला. त्याचा चेहरा इतका खूश होता की ओरडता पण येईना, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. स्टीमवर बहुतेक गेम क्लाऊडवर फुकट सेव्ह होतात, स्विचला त्यासाठी ऑनलाईन मेंबरशिप लागते, मी दुसऱ्या दिवशी घेतली. पेरेंटल कंट्रोलचं अ‍ॅप फोनवर टाका, त्यात रोजची मिनिटं ठरवता येतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये म्हटलंय आणि कमी तितकं चांगलं असं पण म्हटलंय, त्यात टीव्ही-मोबाईल सगळं धरायचं, म्हणून धाकट्याला फक्त रविवारी मारिओ कार्ट, त्यात स्मार्ट स्टिअरिंग चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर जात नाही आणि रडारड होत नाही.

शेवटचं गोव्याचं. स्विचच्या माहितीपत्रकात लिहिलंय, ५ ते ३५ डिग्री आणि हवेत ओलावा २० ते ८० टक्के. आपल्याकडे जुलैमध्ये ८० टक्के म्हणजे कोरडा दिवस. पहिल्या पावसाळ्यात मी तो कव्हरमध्ये घालून भिंतीतल्या कपाटात ठेवला, तीन आठवड्यांनी उघडला तर कव्हरच्या आतून पांढरी बुरशी, पापडावर येते तशी, आणि चार्जिंगच्या भोकात हिरवट डाग. टूथब्रश कोरडा फिरवून वाचला, नशीब. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्या खड्यांच्या घ्या, ओल धरली की गुलाबी होतात, मग मंद तव्यावर गरम करून परत निळ्या, तवा मात्र पोळ्यांचा नको. तांदळात ठेवू नका, पीठ भोकात जातं. वापरत नसलात तरी आठवड्यातून एकदा चालू करा, त्याच्याच गरमीने आतली ओल निघते. मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका. मिरामारला वाळूत बसून खेळू नका, वाळूचा एक कण स्टिकच्या खाली गेला की संपलं, आणि खारा वारा भोकांना खातो. मे-जूनच्या गडगडाटात चार्जर प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बरेच महिने पडून राहणार असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि सहा महिन्यांत एकदा तरी चार्जिंगला लावा.

डब्यातल्या माझ्या पुड्या काल बघितल्या तर सगळ्या गुलाबी, तवा ठेवते आज.